शॉवरखालची लपलेली गळती: आधी जागा शोधा, मग टाइल फोडा

आमचं घर गोव्यात, डिचोलीला. खाली जुन्या चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती, वर नंतर चढवलेला एक मजला, आणि त्या वरच्या बाथरूमच्या बरोबर खाली आमचं स्वयंपाकघर. एका मे महिन्यात स्वयंपाकघराच्या छताला ताटलीएवढा पिवळा डाग दिसला, पावसाचा पत्ता नव्हता, म्हणून आईने लगेच सांगितलं की हे वरच्या न्हाणीचंच पाणी. पहिला प्लंबर आला, दोन मिनिटं वर उभा राहिला आणि म्हणाला सगळी फरशी उखडावी लागेल, नवीन वॉटरप्रूफिंग, नवीन टाइल्स, पंधरा दिवस बाथरूम बंद. आम्ही त्याला थांबवलं आणि आठवडाभर एकेक करून तपासलं. शेवटी बिघाड निघाला पाणी जायच्या जाळीखाली वीतभर जागेत, चार टाइल्स काढून काम झालं. ज्यांनी आयुष्यात पाना हातात धरला नाही त्यांनाही हा तपास जमतो म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

शॉवरखालून पाणी येतं तेव्हा ते चारपैकी एका ठिकाणाहून येतं. भिंतीतली पाण्याची लाइन, म्हणजे टाकीतून नळाला येणारा पाइप, यात पाणी कायम भरलेलं असतं म्हणून ही गळती दिवसरात्र चालू राहते. दुसरं, डायव्हर्टरपासून (पाणी नळाला जाणार की शॉवरला हे ठरवणारा कॉक) शॉवरच्या दांड्यापर्यंतचा तुकडा, यात शॉवर सोडल्यावरच पाणी येतं. तिसरं, नहाणी ट्रॅप (जाळीखालचं, तळाशी थोडं पाणी धरून ठेवणारं भांडं) आणि त्याला जोडलेला ड्रेनचा पाइप, हा वापरल्यावरच गळतो. चौथं, फरशी स्वतः, म्हणजे टाइल्सच्या सांध्यातून पाणी खाली उतरतं आणि खालचं वॉटरप्रूफिंग कुठेतरी फाटलेलं असतं. या चारही गळतींचा डाग खालून अगदी एकसारखा दिसतो, त्यामुळे नुसता डाग बघून कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

सगळ्यात आधी पेन्सिल

डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ मारा आणि बाजूला तारीख लिहा. मग तीन-चार दिवस ते बाथरूम पूर्ण बंद ठेवा, दुसरं असेल तर ते वापरा, नसेल तर शेजारी सांगा. रेघेबाहेर डाग सरकतोय की आत सुकतोय हे रोज एकाच वेळी बघायचं. बाथरूम बंद असतानाही डाग वाढतच असेल तर संशय पाण्याच्या लाइनवर, सुकायला लागला तर शॉवरचा तुकडा, ड्रेन किंवा फरशी. पण घाई करू नका, कारण फ्लॅटमधल्या बाथरूमचा स्लॅब बहुतेक वेळा खाली दाबलेला असतो, सनकन म्हणतात त्याला, आणि त्या खड्ड्यात विटांचे तुकडे भरून वर कोबा केलेला असतो. त्यात साठलेलं पाणी वापर थांबवल्यावरही कित्येक दिवस ठिबकत राहतं, आणि जिथे वाट मिळेल तिथून बाहेर पडतं, गळतीच्या बरोबर खाली पडेलच असं नाही.

डाग छताच्या लाइट पॉइंटपर्यंत किंवा भिंतीतल्या स्विचबोर्डपर्यंत पोचला असेल तर मात्र पेन्सिलच्याही आधी त्या सर्किटचा एमसीबी (मेन बोर्डवरचा सुरक्षा-स्विच) खाली पाडा. ओली भिंत आणि वायर एकत्र असेल तर हात लावायचा नाही.

पावसाळ्यात हे ओळखायचं कसं

आपल्या गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच. चिरा सच्छिद्र दगड, तो पाणी शोषतो आणि आडवं पसरवतो, त्यामुळे जुलैमध्ये बाथरूमच्या भिंतीला ओल दिसली तर ती शॉवरची की पावसाची की नुसत्या दमट हवेची हे डोळ्यांनी कळत नाही. यासाठी सोपा उपाय आहे. हातभर जाड प्लास्टिकचा तुकडा घ्या, ओल्या जागेवर ठेवून चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बंद करा आणि दोन दिवस तसाच ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, भिंतीकडे, थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला थेंब आणि आतून कोरडं तर ती हवेतली ओल. आतून ओलं निघालं आणि ती बाहेरची भिंत असेल, त्यातून पश्चिमेकडची, तर आधी बाहेरचा गिलावा आणि खिडकीवरचं छज्जं बघा, पावसाचा वारा आपल्याकडे त्याच बाजूने मारतो. जमलं तर हा सगळा तपास एप्रिल-मे मध्ये करा, तेव्हा पाऊस मध्ये येत नाही आणि नवीन माल सुकतोही नीट.

पाण्याच्या लाइनची तपासणी

यूट्यूबवर सगळे सांगतात की नळ बंद करून मीटर बघा, मीटरमधलं छोटं चक्र फिरत असेल तर गळती आहे. ते बरोबर आहे, पण आपल्याकडे ते अर्धंच कामाचं. ओपाच्या जलप्रकल्पाचं पाणी असो नाहीतर अस्नोड्याच्या, ते मीटरमधून आधी संपमध्ये (जमिनीखालच्या टाकीत) नाहीतर गच्चीवरच्या टाकीत जातं आणि बाथरूमला टाकीतून येतं, म्हणजे मीटर फक्त टाकीपर्यंतची लाइन तपासतं. शॉवरखालची लाइन मीटरला दिसतच नाही.

म्हणून टाकीवर तपासायचं. रात्री टाकीत येणारं पाणी बंद करा, पंप बंद, कमोडच्या फ्लशचा अँगल कॉक बंद (फ्लशची टाकी गुपचूप गळत असते आणि सगळा हिशोब चुकवते), घरातले सगळे नळ बंद, आणि टाकीच्या आत पाण्याच्या पातळीवर खूण करा. सकाळी बघा. पण एक गणित लक्षात ठेवा. एक मीटर व्यासाच्या टाकीत १ सेंटीमीटर पाणी म्हणजे जवळजवळ ८ लिटर. आणि सेकंदाला एक थेंब असं ठिबकत असेल तर दिवसाला चार लिटरच्या आसपास जातात, म्हणजे एका रात्रीत खूण दोन मिलिमीटरही हलणार नाही आणि तुम्ही म्हणाल लाइन ठीक आहे. मोठी गळती या पद्धतीने सापडते, बारीक सापडत नाही.

बारीक गळतीसाठी प्लंबरकडे हाताने मारायचा टेस्ट पंप असतो, त्याला दाबाचं घड्याळ असतं, तो आणायला सांगा. बाथरूमची लाइन टाकीपासून कॉकने तोडायची, शॉवरच्या जागी प्लग लावायचा, गिझर बाजूला काढून त्याची दोन्ही तोंडं बंद करायची (गिझरवर टेस्टचा दाब देऊ नका), आणि पंपाने पाच-सहा किलोपर्यंत (म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला तेवढे किलो) दाब भरून तासभर काटा बघत बसायचं. टाकी डोक्यावर १० मीटर असते तेव्हा कुठे एक किलो दाब मिळतो, त्यामुळे घरच्या वापरात कधीच न दिसणारी चीर इथे लगेच कळते. फक्त लाइन जुन्या जीआयची (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची) असेल तर एवढा दाब देऊ नका, दोन किलो पुरे, गंजलेला पाइप टेस्टमध्येच फुटायचा. काटा खाली आला तर गरम लाइन आणि थंड लाइन वेगवेगळी तपासा. पंप मिळत नसेल तर गिझरच्या इनलेटचा कॉक आठवडाभर बंद ठेवा, तेवढ्याने डाग सुकायला लागला तर दोष गरम लाइनमध्ये.

शॉवरचा दांडा

फोंड्याला माझ्या आतेच्या फ्लॅटमध्ये हाच प्रकार होता. सकाळी सगळ्यांच्या आंघोळी झाल्या की खालच्यांच्या भिंतीला ओल, दुपारी सुकलेली. तपासायचं असं की शॉवरचं डोकं काढून दांड्याला रबरी पाइप घट्ट बसवायचा, त्याचं दुसरं टोक बादलीत सोडायचं आणि पंधरा-वीस मिनिटं पाणी चालू ठेवायचं, भरलेल्या बादल्या बाहेर नेऊन ओतायच्या. फरशीवर एक थेंब पडू द्यायचा नाही. फरशी कोरडी, जाळी कोरडी, आणि तरी खाली ओल आली म्हणजे भिंतीच्या आत, डायव्हर्टर ते दांड्याच्या मधे गळतंय. आतेकडे दांडा ज्या एल्बोत (काटकोनी जोडात) फिरवून बसवतात तोच चिरला होता, कुणीतरी पाना लावून जास्तच आवळलेला.

आता ड्रेन आणि फरशी, इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

शॉवरखालच्या लपलेल्या गळत्या मी जेवढ्या बघितल्या त्यातल्या बहुतेक इथल्याच. आणि लोक फसतात ते इथेच, कारण ट्रॅप आणि फरशी एकत्र तपासतात. दोन्ही वेगळं करायचं.

आधी फक्त फरशी. जाळी काढा. एक जुनं फडकं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा, त्याला दोरी बांधा (दोरी विसरू नका, फडकं आत गेलं तर नवीनच संकट) आणि ट्रॅपच्या तोंडात अगदी वर, टाइलच्या लेव्हलला, घट्ट दाबून बसवा. मग बाथरूममध्ये इंच-दीड इंच पाणी भरा, उंबऱ्याच्या खालपर्यंतच. भिंतीवर पातळीची खूण करा आणि २४ तास ठेवा. पाणी उतरलं आणि खाली डाग ओला झाला तर फरशी गळतेय. एखाद-दोन मिलिमीटर कमी झालं तर ते वाफेने, त्याची काळजी नको.

आमच्याकडे पाणी जराही उतरलं नाही. मग फरशी पुसून, दोन दिवस थांबून, तांब्याने हळूहळू पाणी थेट ट्रॅपमध्ये ओतलं, खाली काही नाही. मग भरलेली बादली एकदम ओतली आणि तासाभरात छताचा डाग गडद झाला. तांब्याने गळत नाही आणि बादलीने गळतं, याचा अर्थ काय हे कळायला मला वेळ लागला. पाणी सावकाश गेलं की ते तळातून निघून जातं, पण एकदम ओतलं की ट्रॅपमध्ये वर चढतं, आणि वरच्या बाजूला कुठेतरी भोक होतं तिथून बाहेर पडत होतं. केस अडकून ट्रॅप तुंबला की रोजच्या आंघोळीतही हेच होत असणार.

मग फडकं आणखी खाली, ट्रॅपमधून बाहेर जाणाऱ्या पाइपच्या तोंडात बसवलं, वाटी काढून हात आत घालावा लागतो, आणि ट्रॅप टाइलपर्यंत पाण्याने भरला. टॉर्च लावून बघत बसलो. पाणी हळूहळू उतरलं, टाइलपासून तीन इंच खाली गेलं आणि तिथे थांबलं, मग रात्रभर तिथेच. पाणी जिथे उतरायचं थांबतं त्याच उंचीवर भोक असतं. बोट फिरवून बघितलं तर बरोबर त्याच जागी ट्रॅप आणि त्यावर उंचीसाठी लावलेला जोडतुकडा यांचा सांधा, आणि तो नुसताच एकावर एक ठेवलेला, सॉल्व्हंट सिमेंट (प्लास्टिकचे पाइप चिकटवायचा गोंद) लावलंच नव्हतं, बाहेरून सिमेंट थापून दिलेलं. ते सिमेंट चिरलं आणि वाट मिळाली.

पाण्यात खायचा लाल रंग घालूनही बघता येतं, खाली लाल उतरलं तर पक्कं. पण रंग नाही दिसला म्हणून गळती नाही असं समजू नका, कोबा आणि रेती रंग गाळून घेतात.

दुरुस्ती: दांडा आणि भिंतीतली लाइन

दांड्याच्या आट्यांमधूनच गळत असेल तर काहीच फोडायचं नाही. दांडा काढा, जुनी टेप ब्रशने साफ करा, आट्यांच्या दिशेने टेफ्लॉन टेपचे दहा-बारा वेढे ताणून गुंडाळा आणि हाताने बसवून शेवटी थोडंसंच पान्याने. प्लास्टिकच्या आट्यांना सफेदा किंवा ऑइल पेंट लावू नका, फिटिंग कालांतराने तडकतं.

एल्बो चिरला असेल तर तिथली एक टाइल काढावी लागते. सीपीव्हीसीचं (गरम पाणीही चालणाऱ्या प्लास्टिक पाइपचं) काम नवख्याला जमण्यासारखं आहे, फक्त पाइप पूर्ण कोरडा पाहिजे, आतून थेंब येत असेल तर सांधा धरत नाही, त्यामुळे लाइन रिकामी करून फडकं कोंबून पुसा. पाइप सरळ काटकोनात कापा, कडेचा भुगा खरवडा, कोरडा बसवून किती आत जातो तिथे खूण करा, मग सॉल्व्हंट सिमेंट पाइपला बाहेरून भरपूर आणि फिटिंगला आतून पातळ थर लावून पाव वळसा फिरवत खुणेपर्यंत ढकला आणि अर्धा मिनिट दाबून धरा, नाहीतर तो मागे सरकतो. खिडकी उघडी ठेवा, त्या वासाने डोकं धरतं आणि ते पेटतंही. डब्यावर वेळ कमी लिहिलेली असते, पण दमट हवेत मी २४ तास पाणी सोडत नाही. सांधा उघडा असतानाच पाणी सोडून बघा, मगच टाइल लावा.

लाइन जुन्या जीआयची असेल आणि एका जागी गंजून भोक पडलं असेल तर ठिगळ लावण्यात अर्थ नाही असं माझं ठाम मत आहे. पुढचं भोक वर्षभरात पडतं. विशेषतः विहिरीचं पाणी वापरणाऱ्यांनी, चिऱ्याच्या जमिनीतलं पाणी बऱ्याचदा थोडं आम्लधर्मी असतं आणि ते जीआयला आतून खातं. जुनी लाइन तशीच भिंतीत बंद करून टाका आणि सीपीव्हीसी भिंतीवरून बाहेरून न्या, दिसायला थोडं वाईट पण पुढच्या वेळी काही फोडावं लागणार नाही.

दुरुस्ती: ट्रॅप

जाळीच्या भोवतीच्या चार टाइल्सच्या सांध्यांवर आधी ग्राइंडर फिरवा, म्हणजे शेजारच्या टाइल्स तडकत नाहीत. मग छिन्नी आडवी धरून, मधून कडेकडे. डोळ्यांना चष्मा पाहिजेच, टाइलची कपची काचेसारखी उडते. बाथरूम जुनं असेल तर त्याच टाइल्स सहसा मिळत नाहीत, म्हणून फोडायच्या आधी माळ्यावर उरलेल्या टाइल्स आहेत का बघा.

ट्रॅपभोवती वीतभर खणा, पाइपला छिन्नी लागू देऊ नका. सगळं उघडं झालं की परत एकदा बादली ओतून डोळ्यांनी गळती बघा, अंदाजावर बंद करू नका. ट्रॅप चांगला असेल तर फक्त जोडतुकडा बदला, तो त्याच कंपनीचा आणि त्याच मापाचा घ्या, आणि या वेळी सॉल्व्हंट सिमेंट लावून बसवा. ट्रॅपच बदलायचा असेल तर आत ५० मिलिमीटर पाणी उभं राहील असाच घ्या, तेवढं पाणी राहिलं नाही तर सेप्टिक टँकचा वास आणि झुरळं दोन्ही वर येतात.

सांधा सुकला की भोवतीची पोकळी न आकसणाऱ्या ग्राउटने भरा, नुसतं सिमेंट सुकताना आकसतं आणि पाइपभोवती केसाएवढी फट राहते, पाण्याला तेवढी पुरते. त्यावर पावडर आणि लिक्विड मिसळून करायचं वॉटरप्रूफ कोटिंग दोन हात, पहिला उभा, दुसरा आडवा. लावताना जागा ओलसर हवी, पाणी साचलेलं नको. हे कोटिंग जुन्या कोटिंगवर किमान चार इंच चढवा आणि ट्रॅपच्या तोंडावरही उतरवा, कारण टाइलखाली गेलेलं पाणी शेवटी तिथेच येतं. भिंत आणि फरशीच्या कोपऱ्यात काम असेल तर आधी कोपऱ्यात मसाल्याची गोलाई करून त्यावर फायबरची जाळी दाबून कोटिंग करा.

दोन-तीन दिवस सुकू द्या आणि मग टाइल लावायच्या आधी परत पाणी भरून ४८ तास ठेवा. मेस्त्री म्हणेल काही गरज नाही, त्याला दुसऱ्या कामावर जायचं असतं. ऐकू नका, दोन दिवस थांबवा. टाइल लावताना उतार जाळीकडे, मीटरला एक सेंटीमीटर, आणि सांधे एपॉक्सी ग्राउटने भरा.

फरशीच गळत असेल तर

लगेच उखडू नका. जुना ग्राउट सांध्यांतून खरवडून काढा, फरशी पूर्ण सुकवा, एपॉक्सी ग्राउट भरा आणि कोपऱ्यात सिमेंटऐवजी बुरशी न धरणारं सिलिकॉन, कारण भिंत आणि फरशी किंचित हलत असतात आणि कडक माल तिथे तडकतो. व्हाइट सिमेंट हे सांधे झाकतं, पाणी अडवत नाही. मग परत पाणी भरून बघा. तरीही उतरलं तर मात्र खालचं वॉटरप्रूफिंग गेलंय आणि फरशी काढावीच लागणार.

आणि खाली छताचा गिलावा फुगून लोंबतोय, सळीचा गंज दिसतोय, किंवा पाइप खालच्या शेजाऱ्यांच्या छतातून जातोय, अशा वेळी स्वतः हात घालू नका, इंजिनिअरला दाखवा आणि शेजाऱ्यांना आधी सांगा.

काम झाल्यावरही डाग आठवडाभर तसाच दिसेल, कधी थोडा वाढेलही, आत साठलेलं पाणी निघत असतं. घाबरून परत फोडू नका. पेन्सिलची रेघ पुसू नका, दर आठवड्याला बघा. आमचा डाग सुकायला पावसाळा धरून तीन महिने लागले, वर पांढरं मीठ फुटलं ते कोरड्या ब्रशने झाडत राहिलो. चवथीला (गणपतीला) रंग द्यायचा म्हणून घरात सगळे मागे लागले होते, पण स्वयंपाकघराचं छत तेवढं तसंच ठेवलं आणि दिवाळीच्या आधी, प्लास्टिकचा तुकडा लावून आतून कोरडं निघाल्यावर, मगच पुट्टी भरली.